साखरशाळेसाठी जुन्या गाड्यांची फेरी: पुणे–भोर–मांढरदेव–वाई, कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रस्ता आणि तारीख

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी तळावर चालणाऱ्या शाळेला, म्हणजे साखरशाळेला, निधी मिळवण्याच्या या फेरीसाठी चौदा गाड्या नक्की झाल्या. प्रीमियर पद्मिनी चार, त्याआधीच्या फियाट ११०० दोन, ॲम्बेसेडर मार्क-२ तीन, स्टँडर्ड हेराल्ड दोन, आणि लँडमास्टर, मॉरिस मायनर, महिंद्राची सीजे-३बी जीप प्रत्येकी एक.

रस्ता: हडपसर – दिवे घाट – सासवड – नारायणपूर – केतकावळे – कापूरहोळ – भोर – आंबाडखिंड घाट – मांढरदेव – वाई, आणि शेवट वाई–पाचवड रस्त्यालगत ऊसतोड मजुरांच्या तळावर. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. महामार्गाने गेलं तर हेच अंतर निम्म्या वेळात कापता येईल, पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागतो. तिथे भरलेल्या ट्रकांच्या रांगेत पहिल्या गिअरवर रखडलं की रेडिएटरला वाराच मिळत नाही. परतीला महामार्ग चालेल. पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून येते, चढ सौम्य आहे.

तारीख ठरवायला रस्त्यापेक्षा जास्त वेळ गेला. १४ डिसेंबरला दत्तजयंती, म्हणजे नारायणपूरला पाय ठेवायला जागा नाही. १३ जानेवारीला पौष पौर्णिमा, मांढरदेवला काळूबाईची यात्रा. त्याच्या आगेमागे काही दिवस घाट विसरायचा. रविवार, मंगळवार, शुक्रवार हे देवीचे वार, घाटात जीपगाड्यांची रीघ. गुरुवारी पुन्हा नारायणपूर. उरला शनिवार, २१ डिसेंबर. शनिवारी साखरशाळा सकाळची असते, मुलं तळावरच भेटतील. असा रस्ता आखणाऱ्याने आधी पंचांग उघडावं, मग नकाशा.

निधी कशासाठी: ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची मुलं चार-पाच महिने गावच्या शाळेबाहेर पडतात. त्यांच्यासाठी तळावर शाळा चालवणारी एक नोंदणीकृत संस्था आहे, तिला. शिवाय रस्त्याशी थेट संबंध असलेलं एक काम आपल्या हाताने करायचं ठरलं: उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांना परावर्तक पट्ट्या लावणं. हंगामात रात्री दिवे नसलेल्या ट्रॉलीला मागून गाडी धडकल्याची बातमी दर वर्षी येते. गाड्या चालवणाऱ्या मंडळींनी यात हात घालायलाच हवा.

१३ ऑक्टोबर, कागद

आरसी, विमा, पीयूसी. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. एका हेराल्डची मुदत संपलेली सापडली. तिचं काम लगेच सुरू केलं, कारण आरटीओत तपासणीला गाडी उभी करेपर्यंत आठवडे जातात.

दोन गाड्या 'व्हीए' मालिकेत आहेत. २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने नियमांत बदल केला, तेव्हापासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ही मालिका मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठी चालते. म्हणून या दोन गाड्यांमध्ये आयोजनाचं पत्र आणि मार्गाची प्रत ठेवायची.

विम्याचं कलम सगळ्यांनी वाचावं. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी आणि गाडीच्या टिकाऊपणाची स्पर्धा यांना संरक्षण नसतं. पोलिसांच्या अर्जात, मार्गपुस्तिकेत, फलकावर कुठेही 'स्पर्धा' किंवा 'विजेता' हा शब्द येऊ द्यायचा नाही. वेळेची नोंद, गुण, बक्षीस काहीच नाही.

त्याहून मोठा खड्डा पुढे होता. 'पाच हजार देणगी द्या आणि जुन्या गाडीत बसून वाईपर्यंत चला' ही कल्पना सर्वांना आवडली होती. पण त्याच पॉलिसीत भाडं किंवा मोबदला घेऊन माणसं नेण्यालाही संरक्षण नाही. देणगीच्या बदल्यात आसन दिलं की ते भाडंच, पावतीवर काहीही लिहा. घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करील आणि गाडीवाला उघडा पडेल. कल्पना रद्द. गाडीत गाडीवाल्याच्या घरचे आणि मित्र बसतील, देणगीचा आसनाशी संबंध नाही.

१६ ऑक्टोबर

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता कालपासून लागली. पोलिसांची परवानगी तीन ठिकाणांहून हवी: पुणे शहर वाहतूक शाखा, पुणे ग्रामीण, सातारा. अर्ज घेतले, उत्तर निकालानंतर मिळेल असं सांगितलं. तोवर छपाई थांबवली, नाहीतर तारीख बदलली की सगळं वाया.

२० ऑक्टोबर, पहिली तपासणी

प्रत्येक गाडी रॅम्पवर घेतली. रंग, क्रोम, गाद्या यांकडे कोणी बघायचं नाही असा नियम केला. क्रम हा: टायर, ब्रेक, पाणी, पेट्रोल, वीज.

टायर: बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. '२३१२' म्हणजे २०१२ सालचा २३वा आठवडा. या गाड्या वर्षाला फार तर काहीशे किलोमीटर चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून मेलेलं असतं. नखाने भिंत दाबली की बारीक भेगा उघडतात. पाच गाड्यांचे टायर बाद केले. पद्मिनीला ५.२०-१४ आणि ॲम्बेसेडरला ५.९०-१५ हे जुने आकार. दुकानात आयते मिळत नाहीत, मागवायला वेळ लागतो. ही तपासणी फेरीच्या दोन महिने आधी करण्याचं कारण हेच. स्टेपनीचाही शिक्का बघावा. एका गाडीची स्टेपनी चारही चाकांपेक्षा जुनी निघाली.

१० नोव्हेंबर, पाणी

दिवाळी संपली, गॅरेज उघडली. गरम होणाऱ्या गाड्या सहा.

पहिली तपासणी हाताशी असलेल्या साधनाने होते. इंजिन पूर्ण तापू द्यायचं आणि इन्फ्रारेड थर्मामीटर (१,२०० रुपये) रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली फिरवायचा. तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत, त्यातून पाणी जातच नाही. सहापैकी चार गाड्यांचा खालचा तिसरा हिस्सा थंड होता. अशा रेडिएटरवर बाजारात मिळणारं सफाईचं औषध ओतून उपयोग नाही, उलट सुटलेला गाळ उरलेल्या नळ्यांत जाऊन बसतो. वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवणं हाच इलाज. तांब्या-पितळेचा रेडिएटर असल्याने कारागीर हे करतो. एका रेडिएटरला झाळकामासह १,८०० ते २,५०० रुपये पडले. भरताना साधं नळाचं पाणी नाही, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. पुण्यात बोअरच्या पाण्यानेच या नळ्या बंद झाल्या आहेत.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप): सहापैकी पाच गाड्यांत तो काढून टाकलेला होता. 'आपल्याकडे गरमी आहे, त्याची गरज नाही' हे मिस्त्री मंडळींचं जुनं मत. डिसेंबरच्या सकाळी थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन सासवडपर्यंत तापतच नाही. चोक ओढून ठेवावा लागतो, प्लग काळे होतात, जादा पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. नवा घालण्याआधी पातेल्यात पाणी तापवून दोऱ्याला टांगून बघायचा. ८० अंशांच्या आसपास उघडायला लागला तर ठीक. नव्या आणलेल्यांतले दोन उकळत्या पाण्यातही पुरते उघडले नाहीत. न तपासता बसवले असते तर घाटात इंजिन गेलं असतं.

पाचव्या गाडीचा, एका ॲम्बेसेडरचा, रेडिएटर स्वच्छ होता. उभी असताना तापत नव्हती, वेग घेतला की तापत होती. खालच्या होज पाइपमध्ये आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली होती. इंजिन जोरात फिरलं की पंप पाणी ओढतो, मऊ पाइप चपटा होतो आणि पाणी तुटतं. उभ्या गाडीत हे दिसत नाही; बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगावं आणि पाइपकडे बघावं. नवा पाइप आणि स्टीलची स्प्रिंग, ६५० रुपये.

सहावीचा दोष पाण्यात नव्हताच. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ठिणगीची वेळ पुढे घेणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा फाटला होता आणि आतली वजनं ग्रीस सुकून अडकली होती. ठिणगीचं टायमिंग मागे राहिलं की जळण उशिरा होतं आणि उष्णता सिलिंडरच्या भिंतीत आणि एक्झॉस्टमध्ये जाते. पडदा तपासायला त्याची नळी तोंडाने ओढायची, आतली प्लेट हलली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. या गाडीवर आधी नवा रेडिएटर घालून झाला होता. तो खर्च वाया गेला.

१७ नोव्हेंबर, ब्रेक

या नोंदीत सगळ्यात जास्त काळजीने वाचण्यासारखा भाग हा.

यांतल्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि एकच सर्किट आहे. म्हणजे एक होज फुटला किंवा एका व्हील सिलिंडरचं रबर गेलं की चारही चाकांचा ब्रेक जातो, उरतो तो फक्त हँडब्रेक. मांढरदेवहून वाईकडे उतरताना त्याची परीक्षा बघायची नाही. म्हणून चालू असो वा नसो, सर्व गाड्यांचे रबरी होज बदलले. वरून चांगला दिसणारा होज आतून फुगून बंद होतो. लक्षण असं: पेडल सोडल्यावरही चाक जड फिरतं आणि ड्रम तापतो. चाकाजवळचा निप्पल उघडला की थेंबभर तेल उडतं आणि चाक मोकळं होतं. दाब जाताना होज वाट देतो, परत येताना देत नाही. दोन फियाटना हा दोष होता आणि दोन्हींचे लायनर बदलून झाले होते, होज मात्र कोणी बघितला नव्हता.

व्हील सिलिंडर उघडले तेव्हा निम्म्यांत आत गंजाचे खड्डे होते. खड्डे असलेल्या सिलिंडरला नुसतं नव्या रबरांचं किट टाकलं तर महिन्याभरात पुन्हा गळतं. होन करून (आतून घासून) खड्डे गेले तर ठीक, नाहीतर स्टेनलेसची स्लीव्ह घालून घ्यावी (एका सिलिंडरला ९०० ते १,२०० रुपये) किंवा नवा शोधावा.

तेल: डॉट-४. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. नव्या डॉट-४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल प्यायलेल्याचा १५५. घाट उतरताना ड्रमची उष्णता सिलिंडरपर्यंत पोचते, ओलं तेल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. थांबून गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक लागतं, त्यामुळे कारण सापडत नाही. बाटली उघडली की त्याच दिवशी वापरायची, उरलेली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही. सिलिकॉनचं डॉट-५ यात मिसळायचं नाही.

ब्लीडिंग (तेलातली हवा काढणं) लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. त्याआधी शू ॲडजस्ट करून घ्यायचे. शू ढिले असतील तर पेडल खोल जातं आणि माणूस हवेचा दोष समजून लिटरभर तेल वाया घालवतो.

घाटाचा नियम पत्रकावर मोठ्या अक्षरात छापला: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल नाही, किल्ली बंद नाही. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. जोरात दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा.

२४ नोव्हेंबर, दिवे घाटात चाचणी

निकाल काल लागला, परवानगीचे अर्ज पुढे सरकले.

सर्व गाड्या दिवे घाटात वर-खाली. पाणी एकाही गाडीचं उकळलं नाही. बंद पडल्या तीन, आणि तिन्ही वर पोचून चहाला थांबल्यावर. हे महत्त्वाचं आहे. चालत्या गाडीत वारा आणि वाहतं पेट्रोल दोन्ही थंडावा देतात. किल्ली बंद केली की एक्झॉस्ट मॅनिफोल्डची उष्णता वर चढते आणि पंपात, नळीत, कार्ब्युरेटरमध्ये थांबलेलं पेट्रोल वाफ होतं. मग स्टार्टर मारत राहिलं तरी पंप वाफच ढकलतो. ॲम्बेसेडरमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनच्या एकाच बाजूला, एकावर एक. तिला हा त्रास जास्त.

तात्पुरता उपाय पंपावर ओलं फडकं. कायमचा उपाय तीन भागांत केला. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून शक्य तितकी दूर वळवली. कार्ब्युरेटरखाली जाड बेकलाइटचा पॅकिंग टाकला. मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आडभिंत बसवली, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी. पत्रा नळीला टेकवला तर तोच तापून नळी तापवतो. एका गाडीत तसं झालं आणि काम पुन्हा करावं लागलं. थांब्यावर पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि बॉनेट उघडायचं हा नियमही केला.

चौथी गाडी, एक फियाट, परतीला बॅटरी उतरून थांबली. तिला रेडिएटरपुढे विजेचा पंखा जोडलेला होता आणि चार्जिंगला मूळचा डायनामोच. डायनामो इंजिनच्या संथ गतीला जवळजवळ काहीच देत नाही आणि नेमका तेव्हाच पंखा आठ-दहा अँपिअर ओढतो. पंखा काढला. रेडिएटर साफ असेल तर त्याची गरज पडत नाही.

१ डिसेंबर, पेट्रोल

पंपावर आता इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं, वीस टक्क्यांपर्यंत. या गाड्या घडल्या तेव्हाचं रबर त्यासाठी नव्हतं. मेकॅनिकल पंपाचा जुना डायफ्रॅम (रबरी पडदा) फुगतो किंवा ताठ होतो, होज आतून सोलपटतो, टाकीतला जुना गंज आणि राळ सुटून फिल्टरमध्ये येते. इथेनॉल पाणी ओढतं आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाण्याचा थर बसतो.

केलेलं काम: डायफ्रॅम नव्या रबराचे (४०० ते ७०० रुपये), नळीचे रबरी तुकडे इंधन-इंजेक्शनच्या दर्जाचे, टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर. फिल्टर पंपानंतर, इंजिनाजवळ लावू नये. तिथे तो तापतो आणि वाफेला आणखी एक घर मिळतं. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं म्हणून दोन गाड्यांना मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) एक माप मोठा केला. टाकी फेरीच्या आदल्या दिवशीच भरायची, महिनाभर आधी नाही.

७ डिसेंबर, रस्त्याची पाहणी

शनिवारीच गेलो, म्हणजे गर्दीचा खरा अंदाज आला. दिवे घाटात आणि कापूरहोळच्या पुढे रस्त्याच्या कामाचे पट्टे, खडी पसरलेली. कापूरहोळला महामार्गाचा चौक ओलांडणं हे सगळ्यात अवघड ठिकाण. तिथे चौदा गाड्यांची माळ करायची नाही. चार-चारच्या गटांनी, दोन गटांत दहा मिनिटं. भोरच्या अलीकडे उसाच्या जोडट्रॉल्या सुरू झाल्या आहेत. त्यांच्या मागे लागलात तर ओलांडू नका, थांबून अंतर पाडा.

आंबाडखिंड घाटाची भोरकडची बाजू अरुंद आणि तीव्र. चढताना आधी सगळ्यात हळू गाडी. वेगवान गाडी मागे राहिली तर तिला थांबून पुन्हा सुटता येतं, हळू गाडीला चढावर थांबवलं की क्लच जळतो. गाड्यांमध्ये किमान पन्नास मीटर, पुढच्याचा गरम धूर मागच्याच्या रेडिएटरवर येऊ नये म्हणून.

मार्गपुस्तिकेत अंतरं एकाच आधुनिक गाडीच्या मीटरवरून लिहिली. जुन्या गाड्यांचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक वळणाला खूणही दिली: कमान, पंप, वडाचा पार, पूल.

८ डिसेंबर, पैसे

दोन वेगळे प्रवाह, दोन वेगळ्या वह्या. गाडीमागे ५,००० रुपये सहभाग-शुल्क, त्यातून फेरीचा सगळा खर्च. देणगीतला एक रुपयाही नाश्त्याला, डिझेलला किंवा टी-शर्टला जाणार नाही. टी-शर्ट केलेच नाहीत.

देणगी थेट संस्थेच्या खात्यात, पावती संस्थेची. आपण गोळा करून मग देऊ हा मार्ग टाळावा, हिशेब आणि जबाबदारी दोन्ही आपल्या गळ्यात येतात. देणगीदाराला ८०-जीची करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रोख चालत नाही. नाव, पत्ता आणि पॅन लागतो, कारण संस्थेला वर्षअखेर देणग्यांचं विवरण भरून प्रमाणपत्र द्यावं लागतं. पॅन नंतर मागायला गेलं की अर्धे लोक सापडत नाहीत. देणगीच्या वेळीच घ्यावा.

काय द्यायचं हे संस्थेला विचारलं. जुने कपडे नकोत, खाऊची पाकिटं नकोत. हवं आहे ते शाळेला पत्र्याची शेड, कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, अभ्यासाला सौर कंदील, आणि मापाचे बूट, कारण तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरून मुलं अनवाणी चालतात. बुटांची मापं वयावरून काढली तर निम्मे बूट वाया जातात. शिक्षिकांनी प्रत्येक मुलाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखला, नाव लिहिलं आणि ते कागद पाठवले. दुकानदाराने त्यावरून ७४ जोड काढले, एक माप वाढवून.

१४ डिसेंबर, पट्ट्यांची चाचणी

एआयएस-०९० मानकाची पट्टी घेतली, ५० मिमी रुंद. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. रंग बदलायचे नाहीत. रंगीत चमकणारी स्वस्त टेप दिवसा सारखीच दिसते, रात्री पन्नास पावलांवरून बॅटरी मारली की फरक कळतो.

एका ट्रॉलीवर लावून बघितली, दोन दिवसांत कोपरे सुटले. तीन कारणं. पत्र्यावर धूळ आणि ग्रीस होतं, नुसत्या फडक्याने पुसलं होतं. पहाटेच्या थंडीत लावली, तेव्हा गोंद धरत नाही. आणि पट्टी रिबिटांवरून सरळ ओढली होती. आता रीत अशी: तारेच्या ब्रशने घासणं, थिनरने पुसणं, कोरडं होऊ देणं, ऊन चढल्यावरच लावणं, रबरी रूळ दाबून फिरवणं, रिबिटापाशी पट्टी कापणं. कोपरे गोल कापले की सुटत नाहीत.

बैलगाडीचं लाकूड खडबडीत, त्यावर ती धरतच नाही. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर आधी चिकटवून मग ती स्क्रूने ठोकायची. उंचीही बघावी लागते: ऊस भरल्यावर मागे शेंडे लोंबतात आणि पट्टी झाकली जाते. म्हणून मागची पट्टी शक्य तितकी खाली, आसाजवळ. हे टोळीच्या मुकादमाने सांगितलं, आपल्याला सुचलं नसतं.

लागणारा माल: ट्रॉलीला लाल ४ मीटर, पिवळी साडेतीन ते पावणेचार. बैलगाडीला लाल आणि पिवळी सव्वा-सव्वा मीटर, पांढरी ६० सेमी. १८ ट्रॉल्या आणि ४० बैलगाड्यांसाठी ४५ मीटरचे सात रूळ: लाल तीन, पिवळे तीन, पांढरा एक.

२० डिसेंबर, सोबतच्या गाडीतलं सामान

फॅन बेल्ट प्रत्येक प्रकारचा, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, प्लग, होज आणि जुबली क्लिप, डायफ्रॅम, फ्यूज, डॉट-४च्या बंद बाटल्या, पाणी ६० लिटर, अग्निशामक, चाकाखाली लावायच्या लाकडी पाचरी. बॅटरी-केबल ठेवली, पण लँडमास्टर आणि मॉरिसच्या बॅटरीवर लाल रंगाने 'पॉझिटिव्ह अर्थ' लिहिलं. त्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीने ऋण केबल बॉडीला लावली तर थेट शॉर्ट होतो.

२१ डिसेंबर, फेरी

सूर्योदय सातच्या सुमाराला. जुन्या दिव्यांवर घाटात जायचं नाही म्हणून पहिला गट ७:१५ला सुटला.

दिवे घाट निर्वेध. ८:५०ला नारायणपूरच्या अलीकडे लँडमास्टर ठसके देत थांबली. प्लगची ठिणगी पिवळी आणि बारीक. कंडेन्सर नवा होता, गरम झाल्यावर दगा देत होता. जुना, वापरलेला कंडेन्सर घातला आणि गाडी शेवटपर्यंत चालली. २५ मिनिटं गेली. नवीन पार्ट फेरीच्या आदल्या दिवशी घालू नये. घालायचाच तर शंभर किलोमीटर चालवून बघावा आणि जुना चालू पार्ट डिकीत ठेवावा.

कापूरहोळ चौक गटांनी ओलांडला, पोलिसांनी मदत केली. भोरच्या अलीकडे चाक निखळलेली ट्रॉली रस्त्यात आडवी, ३५ मिनिटं. उभ्या गाड्यांची इंजिनं बंद करायला सांगितली होती, त्यामुळे एक हेराल्ड पुन्हा सुरू होईना. तिला पत्र्याची आडभिंत बसवली नव्हती. ओलं फडकं, दहा मिनिटं.

आंबाडखिंड: मॉरिस सगळ्यांच्या पुढे, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. पाणी कोणाचं उकळलं नाही. वर सर्वांनी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवली, एकही गाडी अडली नाही. उतारावर एका पद्मिनीच्या मागच्या उजव्या ड्रममधून वास आला. थर्मामीटरवर बाकीचे तीन ड्रम ९०च्या आसपास, हा १९०. हँडब्रेकची केबल एका बाजूला घट्ट राहिली होती. केबल ढिली केली, ड्रम आपोआप थंड होऊ दिला. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर तडा जातो.

तळावर १२:४०, ठरल्यापेक्षा पन्नास मिनिटं उशीर. संस्थेने मुलांना थांबवून ठेवलं होतं. उशीर होण्याची शक्यता धरून जेवण तिथेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. बूट कागदांच्या क्रमाने बांधले होते, म्हणून वाटप अर्ध्या तासात झालं. तीन जोड लहान पडले, ते बदलायला घेतले.

पट्ट्या दुपारी लावल्या, ऊन होतं. ट्रॉल्या १८ पैकी ११ हाती लागल्या, बाकीच्या कारखान्याच्या रांगेत उभ्या. बैलगाड्या दुपारी रिकाम्या असतात, त्या ४० पैकी ३७ झाल्या. बैल सोडलेले असताना काम करावं. स्क्रूच्या यंत्राच्या आवाजाला बैल बुजतात. संध्याकाळी अंधार पडल्यावर एका ॲम्बेसेडरच्या दिव्यात बघितलं, मागची लाल पट्टी शंभर मीटरवरून स्पष्ट दिसली.

२९ डिसेंबर, हिशेब

देणगी संस्थेच्या खात्यात ३,१२,५०० रुपये. त्यातून सौर कंदील ६० × ८५० = ५१,०००; बूट ७४ × ४२० = ३१,०८०; शेड १,१८,०००. उरलेले १,१२,४२० शिक्षिकांच्या हंगामाच्या मानधनाला.

सहभाग-शुल्क ७०,०००. खर्च: गाडी वाहून नेणारा फ्लॅटबेड दोन दिवस १४,०००, खाणं १५,४००, छपाई २,१००, पट्टी २५,२००, ॲल्युमिनियम आणि स्क्रू ४,३००, सामाईक सुटे भाग ७,२००. एकूण ६८,२००. शिल्लक १,८००. गाड्यांची दुरुस्ती ज्याची त्याने केली, ती यात नाही.

फ्लॅटबेडवर एकही गाडी चढवावी लागली नाही. तरी तो खर्च कापू नये. घाटात बंद पडलेली जुनी गाडी दोरीने ओढणं धोक्याचं आहे, न्यूट्रलमध्ये ओढताना उताराला इंजिनचा आधार नसतो.

राहिलेलं: सात ट्रॉल्या आणि तीन बैलगाड्या. पट्टी शिल्लक आहे. कारखान्याच्या काट्यावर रांगेत उभ्या असतानाच त्या गाठाव्यात असं मुकादम म्हणाले, म्हणून ११ जानेवारीच्या दुपारी जीप आणि दोन पद्मिनी रूळ, थिनर आणि ब्रश घेऊन जातील. मांढरदेवचा रस्ता त्या दिवशी यात्रेमुळे टाळायचा, महामार्गाने जायचं.